ही बोट कुठे कुठे थांबते?

क्रूझवरून आल्यापासून सोसायटीत माझा भाव वाढलाय. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, गच्चीत पापड वाळत घालताना, जी भेटेल ती विचारते, वैशाली, आम्हालाही जायचंय गं, कुठली बोट घेऊ सांग ना. मी तोंड उघडते आणि परत मिटते. बोट निवडताना माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, बोटीवर चढल्यावर तो भुगा पार पाण्यात कालवला गेला, आणि आम्ही तर अर्ध्या क्रूझवरच उतरून गेलो. तेव्हा हे वाचून कोणी तिकीट काढणार असेल तर आपापल्या जबाबदारीवर काढावं, मला बोलायला येऊ नये.

बोरिवली

सुरुवात सासूबाईंपासून करावी लागेल. घरात सगळे त्यांना आईच म्हणतात. माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन मुंबईत आल्या त्या परळच्या चाळीत, सासरे गिरणीत होते. गिरणी गेली, चाळ गेली, पुढे सासरेही गेले आणि आई आमच्याकडे बोरिवलीला आल्या. या सगळ्यातून एक गोष्ट मात्र टिकून राहिली, ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कुसुममावशी. तिला सासरही वेंगुर्ल्यातलंच मिळालं. दोघी दरवर्षी भेटायच्या, गणपतीत नाही तर मे महिन्यात, पण भेटायच्याच.

मग आईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता गावचा रस्ता विसरा, रात्रभर गाडीत बसणं नाही, रेल्वेच्या डब्यात चढउतर नाही. तिकडे मावशीचे गुडघे गेले. तेव्हापासून दर रविवारी फोन. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे तो फोन आमचा अख्खा मजला ऐकतो. फोन ठेवला की आई बराच वेळ मोबाइल मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहायच्या. आधी आधी म्हणायच्या, एकदा कुसुमला बघूक व्हया. पुढे ते म्हणणंही बंद झालं, आणि तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

माझा दीर नितीन मुलुंडला राहतो. एका रविवारी तो बायको रूपाली आणि छोट्या मिहूला घेऊन आला, आईंचं उतरलेलं तोंड बघितलं आणि चहा संपायच्या आत जाहीर केलं की डिसेंबरच्या सुट्टीत आपण सगळे आईला घेऊन क्रूझला जायचं. माझे यजमान, संजय, म्हणाले की अरे तिचा मणका. त्यावर नितीन म्हणाला, समुद्रात खड्डे नसतात.

बोट ठरवायची कशी, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा समुद्राचा अनुभव म्हणजे गोराईची लाँच, आणि एकदा वर्सोव्याहून मढला गेले होते तेव्हा पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. त्या दिवसापासून फॅमिली ग्रुपवर बोटींचा पाऊस सुरू झाला. एका बोटीवर तीन स्विमिंग पूल, एकीवर घसरगुंडी, एकीवर चक्क भिंत चढायची सोय. माणसं समुद्रात जाऊन भिंत कशाला चढतात हे मला अजून कळलेलं नाही. प्रत्येकीचे फोटो सारखेच निळे. दोन दिवसांनी मला कुठली कुठली ते आठवेना, आणि मी रूपालीशी अर्धा तास भांडले, तेव्हा कळलं की आम्ही दोघी एकाच बोटीची बाजू घेतोय.

आमची लेक तन्वी कॉलेजात आहे, तिला सिंगापूरहून सुटणारी पाहिजे होती. नितीनचं सगळं लक्ष मिहूच्या घसरगुंडीवर. संजयना एकाच गोष्टीची धास्ती. एका मोठ्या कंपनीच्या बोटीवर म्हणे एका संध्याकाळी कोट-टाय घालूनच जेवायला जावं लागतं. त्यांचा लग्नातला कोट आता त्यांच्या एका बाजूलाच पुरतो. म्हणाले, जिथे बर्म्युडा घालून जेवायला वाढतील ती बोट माझी. मला स्वच्छ बाथरूम, लिफ्ट आणि आईंच्या ताटात भात, एवढंच हवं होतं.

शेवटी घाटकोपरचा एक एजंट घरी बोलावला. हसरा मुलगा, टॅबलेट घेऊन आला आणि बोलायला लागला तो थांबेचना. खिडकीवाली खोली, बिनखिडकीची खोली, बाल्कनीवाली, अर्धी बाल्कनी दिसणारी. अर्धी बाल्कनी दिसते म्हणजे उरलेली अर्धी कुठे जाते, असं मी विचारलं. तो हसला आणि पुढच्या पानावर गेला. यात घरगुती बोट कुठली ते सांग बाबा, असं संजयनी हात जोडून म्हटलं. तो म्हणाला, सर, सगळ्याच फॅमिली आहेत. झालं, आम्ही होतो तिथेच.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. प्रत्येक बोटीला त्यांचा एकच प्रश्न, ही वाटेत कुठे कुठे थांबते. सिंगापूरवाली मलेशियाला थांबते म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. लक्षद्वीपला जाणारीलाही नको म्हणाल्या. मग एजंटने सगळ्यात साधी, सगळ्यात छोट्या प्रवासाची बोट काढली आणि म्हणाला, "आजी, ही तुमच्यासाठी बेस्ट. मुंबई-गोवा बोट परत सुरू झालीये ना आता!"

आई ताठ बसल्या. "परत सुरू झाली?"

तो म्हणाला हो ना, संध्याकाळी निघते, सकाळी गोवा. आईंनी विचारलं, पूर्वीसारखीच काय? तो म्हणाला, आजी, पूर्वीपेक्षा झकास. आई म्हणाल्या, हीच घ्या. आणि एवढ्या दिवसांचा घोळ एका मिनिटात मिटला. म्हाताऱ्या माणसाने आपली सोय न बघता सगळ्यांना परवडेलशी बोट निवडली, असं वाटून मला अगदी भरून आलं. त्या बोटीवर घसरगुंडी होती, लिफ्ट होती, बर्म्युडाही चालणार होता. आम्ही सगळे खूश.

त्या रविवारचा फोन नेहमीपेक्षा लांबला. मी चटणी वाटत होते. बोटीन, बोटीन एवढं कानावर पडलं, बाकीचं मिक्सरने खाल्लं. मला वाटलं, बहिणीला ऐट दाखवतायत. दाखवू देत की.

धक्क्यावर

निघायच्या दिवशी आईंच्या दोन बॅगा. एक कपड्यांची, ती मीच भरलेली. दुसरी उचलली तर खांदा निखळायची वेळ आली. उघडून बघते तर फरसाणाची पाकिटं, खारी, मावा केक, गुडघ्याला लावायचं तेल, एक कोरी साडी आणि एक शेंडीवाला नारळ. मी म्हटलं, आई, बोटीवर चोवीस तास खायला असतं, फरसाण कशाला? त्या म्हणाल्या, असू दे, लागता. ज्येष्ठांशी वाद घालू नये म्हणून मी बॅगेची चेन लावली, पण दिवसभर मनात धुसफुसत होते.

टर्मिनलला उतरल्यावर आईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हा भाऊचा धक्का नाही म्हणून तक्रार केली. सासरी पहिल्यांदा आल्या त्या बोटीनेच, भाऊच्या धक्क्यावर उतरून. हे मला माहीत होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने यायची ती बोट, बंदराबंदरावर थांबायची, होडीतून माणसं वर चढायची, हेही शंभरदा ऐकलेलं. पण ऐकलेलं आणि डोक्यात शिरलेलं यांत फरक असतो.

तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली आणि नारळ अडकला. पाकीटबंद खाऊ चालेल, नारळ नाही. आई म्हणाल्या, समुद्राला द्यायचा आहे. तिथल्या मुलीने अदबीने सांगितलं की बोटीवरून समुद्रात काही टाकता येत नाही. आईंना हे समजेना, मलाही नीट समजलं नाही. बोटीने जायचं आणि समुद्राला काही द्यायचं नाही, हे कसं? शेवटी नारळ तिथेच राहिला आणि आईंनी काचेतून दिसणाऱ्या पाण्याच्या तुकड्याला हात जोडले.

आत शिरलो आणि मी पहिल्या पाच मिनिटांत हरवले. जिने, लिफ्ट, गालिचे, सगळीकडे सारखे दिवे. आमची खोली शोधताना मी दोनदा स्पामध्ये घुसले. मग भोंगा वाजला आणि सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालून रांगेत उभं केलं. संकट आलं तर काय करायचं त्याची ती तालीम. आईंनी जॅकेट मन लावून घातलं, पट्टे ओढून घेतले आणि शेजारच्या खलाशाला मालवणीत काहीतरी विचारलं. तो बिचारा नागालँडचा निघाला. हसून म्हणाला, यस मॅडम. आईंचं समाधान झालेलं दिसलं.

जेवायला गेलो तर एवढे पदार्थ की कुठून सुरुवात करू कळेना. पास्ता, पनीर, जिलेबी, सुशी, जैन काउंटर वेगळा. शेजारच्या टेबलावर घाटकोपरचं एक मोठं कुटुंब होतं, त्यांनी एवढ्या सगळ्यात डब्यातून थेपले काढले आणि आम्हालाही दिले. आपल्याकडे पाहुणा ताटावर बसला की वाढणारा समोर उभा राहतो, इथे माणूस हातात ताट घेऊन स्वतःच फिरतो आणि कुठे थांबायचं हे त्याला कोणी सांगत नाही. संजय बर्म्युडा घालून तीनदा फिरले. आईंनी भात, वरण आणि तळलेला मासा घेतला, मासा शिळा आहे असा निकाल दिला, आणि सकाळी लवकर उठायचंय म्हणून झोपायला गेल्या.

समुद्र

पहाटे जाग आली तर आई तयार. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत कुठून मिळवलं कोण जाणे पण अबोलीच्या रंगाचं फूल, पायात चपला. दुसरी बॅग दाराशी. मला वाटलं, मी गोवा येईपर्यंत झोपले. घड्याळ बघितलं तर अजून बराच वेळ होता.

आई म्हणाल्या, "चल गो, वर घेऊन चल माका. वेंगुर्ला इला असतला."

मी झोपेतच होते. वेंगुर्ला लांबून बघायचं असेल असं समजून बोटीवर मिळालेली चाकाची खुर्ची ढकलत त्यांना डेकवर नेलं. पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. किनारा म्हणजे धुराची एक रेघ. त्या रेघेवर एक दिवा लुकलुकत होता. आईंनी बोटाने दाखवलं, आपलं दीपगृह. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी फोटो काढला, तो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. मग त्यांनी विचारलं की होडी कुठल्या बाजूला लागते.

"कसली होडी, आई?"

"उतराची. तुमी गोवा बघून येवा. येताना माका घ्या."

त्यांनी बॅग मांडीवर ओढून घेतली. फरसाण, खारी, मावा केक, गुडघ्याचं तेल. ती साडी. एकदम सगळं डोक्यात शिरलं. मुंबई-गोवा बोट परत सुरू झाली, असं तो एजंट म्हणाला होता. परत सुरू झाली म्हणजे जशी होती तशीच सुरू झाली, बंदर घेत घेत जाणारी. त्यात विचारायचं काय आणि सांगायचं काय? एस्टी वेंगुर्ल्याला थांबते का, असं कोणी विचारतं का?

मी नितीनला उठवलं, संजयना उठवलं. सगळे डेकवर आले. नितीनने हसत समजावायला सुरुवात केली आणि मध्येच त्याचं हसू गेलं. ही बोट फक्त माणसांना फिरवायला आहे, कुठे न्यायला नाही, असं काहीतरी तो बोलला. बोलताना त्यालाच ते विचित्र वाटत असावं. आई ऐकत होत्या. दिवा हळूहळू मागे सरकत होता.

मग त्या एवढंच म्हणाल्या, "थांबत नाय, तर बोट कित्याक चालू केली?"

मागे पूलपाशी कोणीतरी योगासनं सुरू केली होती, गाणं लागलं होतं. आईंनी पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. कुसुम बंदरार इली असतली, असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यानंतर बोलल्याच नाहीत. मला रडू आलं. मी तसंच येऊ दिलं.

गोवा की वेंगुर्ला

बोट मुरगावच्या बंदराला लागायला आली तशी मोबाइलला रेंज आली आणि माझा फोन खणखणायला लागला. मावशीचा मुलगा दीपक. कधीपासून लावत होता. म्हणाला, वहिनी, काय भानगड आहे ही? आमची आई सकाळी उजाडायच्या आत घरून निघाली ती बंदरावर जाऊन बसलीय. ताई बोटीने येतेय म्हणते. बोट यायची बंद होऊन जमाना झाला म्हटलं, तर मला म्हणते, ती परत सुरू झाली, तुला काय कळतंय.

मी त्याला सांगितलं की मावशीला घरी ने, आम्ही गाडीने येतो. हे बोलून गेले तेव्हा कोणाशीच काही ठरलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याचा परत फोन. मावशी उठायला तयार नाही. तिचं म्हणणं, ताईला गाडीने यायला डॉक्टरांनी बंदी केलीय, मग ती गाडीने कशी येईल? खोटं सांगून मला घरी नेताय. ऊन चढायला लागलंय, वहिनी, काय करू?

इकडे आमच्या खोलीत गोंधळ. संजय म्हणत होते, मणका. नितीन म्हणत होता, बोट संध्याकाळी परत निघणार, तोवर येणं-जाणं जमणार नाही, आणि मधूनच उतरू देतात का हेही माहीत नाही. रूपालीचं मत, मावशीलाच गाडीत घालून इकडे आणावं. तिच्या गुडघ्यांचं काय, यावर सगळे एकदम बोलायला लागले. इतके दिवस बोट निवडताना जसे बोलत होतो तसेच. आई खाटेच्या कडेला बॅग धरून बसल्या होत्या आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुम्ही ठरवत बसा. मी आणि तन्वी आईंना घेऊन उतरतोय, परतीचं परत बघू. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की आम्ही संध्याकाळी येणार नाही. तिला वाटलं आम्हाला बोट आवडली नाही. सेवेत काही कमी पडलं का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी म्हटलं, नाही गं, बोट छान आहे, थांबत नाही एवढंच. ती बिचारी आणखी गोंधळली.

बंदराबाहेर मोठी गाडी मिळाली. मागच्या सीटवर बोटीवरच्या उशा लावायची तन्वीची युक्ती मी वेळीच हाणून पाडली आणि आमच्या शाली, स्वेटर रचून आईंना बसवलं. ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश चल, आत म्हातारं माणूस आहे. पणजी गेली, म्हापसा गेलं. दुतर्फा काजूची झाडं, मध्येच क्रॉस, मध्येच तुळशीवृंदावन. एरवी मी दर वळणावर गाडी थांबवून फोटो काढले असते. आई प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटत होत्या आणि दुखतंय का विचारलं की नुसती नकाराची मान हलवत होत्या. आरोंद्याची खाडी ओलांडल्यावर पाट्या मराठी झाल्या. शिरोड्याच्या बाजारात तन्वीने आईंना शहाळं पाजलं. तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, वेंगुर्ल्याचं पाणी यापेक्षा गोड असतं. माझा जीव भांड्यात पडला.

वेंगुर्ला

बंदरावर फारशी माणसं नव्हती. मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या, दोघे-तिघे जाळी दुरुस्त करत बसलेले, वर टेकडीवर पहाटे लांबून दिसलेलं ते दीपगृह. दीपक गाडीशी धावत आला आणि त्याने जेट्टीच्या टोकाकडे हात केला.

तिथे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, काळी छत्री उघडून, कुसुममावशी बसली होती. पाठ आमच्याकडे, तोंड समुद्राकडे. पायाशी डबा, फडक्यात बांधलेला.

आईंनी माझा हात सोडला. ऑपरेशननंतर मी त्यांना आधाराशिवाय एवढं चालताना पाहिलं नव्हतं. जेट्टीवरून एकेक पाऊल टाकत त्या गेल्या, आम्ही मागे मागे, हात पुढे धरून, पण कोणी त्यांना हात लावला नाही. मावशीला कमी ऐकू येतं, तिला चाहूल लागली नाही. आईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशीने मान वळवली. वर बघितलं, परत समुद्राकडे बघितलं, आणि परत वर.

"अगो, मागसून खंयसून इलंस? मी हयसर बघतंय."

"बोट फुडे गेली," आई म्हणाल्या.

मावशीने आईंचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तो गालाला लावून बसून राहिली. दोघीही रडत होत्या, मोठ्याने, लाज न बाळगता. तन्वीने माझ्या पाठीत तोंड लपवलं. दीपक आईंना बसायला दुसरी खुर्ची घेऊन आला, तशी मावशी डोळे पुसून त्याच्यावर कडाडली.

"बघलंस? तुका सांगलंय ना मी, ती बोटीन येतली म्हणान!"

दीपकने माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे बघितलं. आई खुर्चीवर टेकल्या, बॅग उघडून फरसाणाचं पाकीट बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, मासो मात्र शिळो होतो गो बोटीर.